‘लाईन’ची पार्श्वभूमी: जवसाच्या धाग्यापासून उद्यमनगरापर्यंत

कोल्हापुरात ‘लाईन’ शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या धंद्यावरून लावावा लागतो. गवंड्याची लाईन दोरीची, वायरमनची तारेची, उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या टर्नरची (लेथवर काम करणाऱ्याची) डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षाची. शब्द एकच असला तरी तो इथे एकदम आला नाही. एकेका धंद्याबरोबर, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळा अर्थ घेऊन आला.

मुळात हा शब्द शेतातला. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. ज्याची आपण चटणी करतो तेच. त्याच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंची दोरी ती ‘लिनिया’. ताणलेल्या दोरीवरून सरळ रेघ, रेघेवरून रांग आणि रांगेवरून मार्ग, असा अर्थ सरकत गेला. याच जवसाची दुसरी फांदी कापडाची. त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. कपड्याला आतून लिननचा थर देण्याच्या क्रियेवरून शिंप्याकडचं ‘लायनिंग’ आलं आणि इंजिनाच्या सिलिंडरमध्ये बसणारा ‘लायनर’ही. म्हणजे लाईन आणि लायनर एकाच झाडाचे, पण एक दोरीकडून आलेला, दुसरा अस्तराकडून.

आपल्याकडे आधी आली ती छावणीची लाईन. इंग्रजी फौजेत तंबू, बराकी आणि घोडे सरळ ओळींत ठेवत; त्या ओळी म्हणजे लाईन्स. ‘पोलिस लाईन’ त्यातलीच. छावणीच्या ओळींजवळ बसणारा बाजार तो लाईन बझार. कोल्हापुरात आणि धारवाडात हे नाव वस्तीचं म्हणून आजही टिकून आहे.

मग रेल्वे. मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ साली सुरू झाला आणि रुळांची लाईन, मेन लाईन, लूप लाईन हे शब्द तोंडी बसले. ‘लाईन क्लिअर आहे’ असं आपण आज कुठल्याही कामाबद्दल म्हणतो, पण रेल्वेत ती नेमकी परवानगी आहे. पुढच्या स्टेशनाने मधला मार्ग मोकळा असल्याचं कळवून गाडी घ्यायला संमती द्यायची, त्यानंतरच मागच्या स्टेशनाने गाडी सोडायची. एकेरी मार्गावर समोरासमोरची टक्कर टळते ती यामुळे.

बांधकामावरचा ‘लाईनआऊट’, म्हणजे पायाची जमिनीवरची आखणी, मात्र मूळ अर्थाला अजून धरून आहे, कारण तिथे खरोखर दोरी ताणली जाते. प्लॉटच्या एका बाजूला समांतर पहिली दोरी बांधायची. तिच्यावर कोपऱ्यापासून ६ फुटांवर खूण, काटकोनातल्या दुसऱ्या दोरीवर ८ फुटांवर खूण. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १० फूट भरलं की कोपरा गुण्यात आला. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखेच यायला हवेत. त्यानंतर खोदाईच्या बाहेर बुर्ज (छोटे पक्के खांब) बांधून त्यांवर खुणा कायम करायच्या आणि मग फक्की (पांढरी पूड) टाकून खोदाईच्या रेघा आखायच्या. खुंट्या खोदाईतच ठोकल्या तर पहिल्या दिवशीच मातीबरोबर लाईन जाते.

इथली सगळ्यात महागडी चूक ‘लाईन’ या शब्दाच्याच दोन अर्थांतून होते. नकाशावर अंतर सेंटर लाईनचं, म्हणजे भिंतीच्या मधोमध जाणाऱ्या रेषेपासूनचं असतं आणि गवंडी तेच भिंतीच्या आतल्या अंगाचं समजतो, किंवा उलट. नऊ इंची भिंतीत सेंटर लाईन आणि अंग यांत साडेचार इंचांचा फरक. तो दोन्ही बाजूंना पडला की खोली नऊ इंचांनी चुकते. १० फुटांची खोली ९ फूट ३ इंचांवर आली की पलंग-कपाटाचं गणित बिघडतं, आणि हे कळतं तेव्हा जोतं झालेलं असतं. दुसरी चूक मापाची. प्रत्येक खोली सुटी मोजत गेलं की पाव-पाव इंच साठत जातो. म्हणून टेप एका टोकाला धरून सगळी मापं चढती घ्यायची. गवंड्याच्या भाषेतली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: आडवी दोरी ‘लाईनदोरी’ झाली, उभी मात्र ओळंबाच राहिली.

शिवाजी उद्यमनगरात इंजिनकामाला गेलेल्याने ‘लाईन बोअरिंग’ आणि ‘लायनर बोअरिंग’ यांत गल्लत करू नये. लायनर बोअरिंग सिलिंडरचं: झिजलेला लायनर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा करून तेवढा ओव्हरसाईज पिस्टन घालायचा. लाईन बोअरिंग क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) मेन बेअरिंगांच्या घरांचं, म्हणजे ती बेअरिंगं बसतात त्या भोकांचं. इंजिन तापून ब्लॉक वाकला किंवा बेअरिंग घरात फिरलं की ही सगळी घरं एका अक्षावर राहत नाहीत. मग बेअरिंग कॅपची (बोल्टने आवळायच्या घराच्या अर्ध्या भागाची) बसायची बाजू किंचित घासून भोक लहान करतात, कॅप ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळतात आणि एकाच बारने सगळी घरं मूळ मापाला आणतात. कॅप सैल ठेवून बोअर केलं तर पुढे जोडणीत आवळल्यावर भोक गोल राहत नाही, क्रँक जड फिरतो आणि नवं बेअरिंगही लवकर जातं. कॅप फार घासली तर क्रँक हेडकडे सरकतो आणि टायमिंग गिअरमधली फट कमी होते.

शिरोलीच्या फाउंड्रीत ‘पार्टिंग लाईन’ म्हणजे साच्याचा वरचा कोप आणि खालचा ड्रॅग जिथे मिळतात ती रेघ. पिना झिजल्या की दोन अर्धे सरकतात आणि कास्टिंग मिसमॅच येतं. साचा नीट मिटला नाही तर याच रेघेवर पत्र्यासारखा फ्लॅश येतो आणि फेटलिंगचं, म्हणजे जादा धातू काढून साफ करण्याचं काम वाढतं. फाउंड्रीत जवसाचं तेलही असे: हवेने घट्ट होणारं असल्यामुळे कोअरची (कास्टिंगमधली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या ठोकळ्याची) वाळू बांधायला ते वापरत आणि कोअर भट्टीत भाजत.

विजेच्या लाईनीत अर्थ चुकला तर जिवावर बेतू शकतं. महावितरणच्या माणसाची लाईन खांबांवरची: ११ केव्ही (अकरा हजार व्होल्ट) असेल तर एचटी (उच्च दाबाची), गल्लीतली एलटी (लघुदाबाची). घरच्या वायरमनची लाईन म्हणजे न्यूट्रल सोडून उरलेली जिवंत तार. मोटारीच्या पाटीवरचं लाईन व्होल्टेज तिसरंच, दोन फेजांमधलं. म्हणून ‘लाईनला किती येतंय?’ या प्रश्नाला २४० व्होल्ट (न्यूट्रलपासून) आणि ४१५ व्होल्ट (दोन फेजांमध्ये) ही दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. २४० ला १.७३२ ने गुणलं की सुमारे ४१५ येतात. नदीकाठच्या पंपांवर तीनपैकी एक तार तुटली तर चालू मोटार उरलेल्या दोन फेजांवर जास्त करंट ओढत राहते, आणि बंद मोटार नुसती गुणगुणते. दोन्ही वेळा वाइंडिंग जळतं. तिथे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण, हवंच.

शाहू स्टेडियमवरचा ‘लाईनमन’ वेगळा. फुटबॉलच्या नियमांत १९९६ पासून तो सहायक पंच आहे. मैदानावरची रेषा जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद आणि ती ज्या भागाची हद्द दाखवते त्याच भागात मोजली जाते. म्हणून जमिनीवरून किंवा हवेतून, अख्खा चेंडू गोललाईनच्या पार गेल्याशिवाय गोल नाही. क्रिकेटच्या क्रीजवर याच्या उलट: बॅट रेषेवरच टेकली असेल तर फलंदाज धावबाद, ती रेषेच्या आत टेकलेली हवी. पेठांतले बरेच वाद या एका फरकावरून पेटतात.

‘डेडलाईन’चा उगम क्रूर आहे. अमेरिकन यादवी युद्धात १८६४ साली जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल तुरुंगात कुंपणाच्या आत सुमारे १९ फुटांवर कमी उंचीचा कठडा होता. तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. विसाव्या शतकात अमेरिकन वर्तमानपत्रांनी तो शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी घेतला. आता फॉर्म भरायलाही तोच.

‘कुठल्या लाईनीत आहेस?’ हा व्यवसायाचा अर्थ सरळ इंग्रजीतून आला. ‘लाईन मारणे’ मात्र इथल्या बोलींनी घडवलं.

काळम्मावाडी धरणाच्या पाण्यासाठी शहराने वर्षानुवर्षं जे मागितलं त्याचं नाव ‘थेट पाईपलाईन’च राहिलं; २०२३ च्या दिवाळीत ते पाणी आलं तेव्हाही हेच नाव. अंबाबाईच्या देवळात माणसं लाईनीत उभी राहतात, पण तिला दर्शनरांगच म्हणतात. आणि कवितेची ओळ मात्र ओळच राहिली आहे.