कपड्यांच्या आलमारीची निवडानिवड (ग्रामीण विदर्भ)

घरात साठलेले कपडे बाहेर काढून त्यांची छाननी करणे, नको असलेले मार्गी लावणे आणि उरलेले वापराच्या सोयीने पुन्हा रचणे, असे या कामाचे स्वरूप आहे. ग्रामीण विदर्भात ते मुख्यतः पावसाळ्याची ओल गेल्यावर, दिवाळीच्या तोंडावर होते. ज्या घरी ज्येष्ठागौरी, म्हणजे तिकडच्या महालक्ष्म्या, बसतात तेथे पहिला हात भाद्रपदातच फिरतो. रोजचे कपडे दोरीवर किंवा खुंटीवर असतात. ठेवणीतले कपडे लोखंडी आलमारीत, पत्र्याच्या पेटीत आणि दिवाणात राहतात. आलमारी हीच घराची तिजोरीही असल्यामुळे सातबारा, पासबुक आणि असेल ते सोने साड्यांच्या आडच ठेवलेले असते, आणि त्यामुळे हे काम सहसा परक्याच्या हाती दिले जात नाही.

आलमारी भरून वाहण्याचे कारण येथे खरेदीपेक्षा आहेर हे अधिक आहे. उन्हाळ्यातील लग्नसराईत साडी, ब्लाउज पीस, शर्ट-पँटचे कापड, टॉवेल, टोपी आणि दुपट्टा यांची देवाणघेवाण होते; आलेला आहेर नाकारता येत नाही आणि आवडला नाही म्हणून लगेच टाकूनही देता येत नाही. म्हणून ‘वर्षभर वापरले नाही ते काढून टाका’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला या घरांत फारसा लागू पडत नाही. वर्षानुवर्षे घडीसुद्धा न मोडलेली साडी येथे निरुपयोगी नसते, ती पुढच्या लग्नात द्यायची असते.

त्यामुळे निवड करताना आधी ‘नेसण्याचे’ आणि ‘देण्याचे’ असे दोन ढीग पडतात, आणि मगच सुती, रेशमी, लहान मुलांचे, गरम कपडे अशी विभागणी होते. देण्याच्या साडीवर ती कोणाकडून आली याची चिठ्ठी लावतात. तीच साडी फिरून देणाऱ्याच्याच घरी गेली तर नात्यात वर्षानुवर्षे बोलणे ऐकावे लागते. टाचणीने लावलेली चिठ्ठी पावसाळ्यात घात करते, कारण टाचणी गंजून साडीवर तांबूस डाग पडतो, म्हणून जाणत्या बाया दोऱ्याचा सैल टाका घालतात. देण्याचा ढीग पेटीत हलवला की आलमारीतील बरीच जागा एकदम मोकळी होते. शर्ट आणि मुलांचे कपडे एकावर एक न रचता उभ्या घड्या करून ठेवले, तर खालचा काढताना वरची चळत कोसळत नाही. साड्यांच्या बाबतीत मात्र ही युक्ती तितकीशी साधत नाही.

टसरची करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली, साडी विदर्भाचे स्वतःचे वस्त्र आहे, आणि भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव ही तिची विणकामाची गावे आहेत. अशी रेशमी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी, कडक उन्हात न टाकता सावलीत वारा द्यावा आणि काही महिन्यांनी तिच्या घड्या बदलाव्यात, नाहीतर एकाच मोडीवर धागा तुटतो. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात; ओला पाला घातल्यास डाग आणि बुरशी हमखास. डांबरगोळ्या वापरायच्याच असतील तर कापडाच्या पुरचुंडीत, जरीला न लागतील अशा ठेवाव्यात. त्यांच्यासोबत राहिलेले दुपटे किंवा टोपडे धुऊन, वारा देऊनच बाळाला घालावे, कारण जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांमध्ये या गोळ्यांतील नॅफ्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

शेतातील कपड्यांचा प्रश्न वेगळा आहे. कापूस वेचताना बाया साडीवर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, त्यामुळे असे शर्ट काढून टाकायच्या ढिगात क्वचितच जातात. फवारणीचे कपडे मात्र वेगळे धुऊन घराबाहेरच्या खुंटीवर ठेवावेत, आलमारीत कधीही नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, त्यानंतर या खबरदारीबद्दल अधिक सांगणे नको. भाव वाढेल या आशेने कापूस घरातच साठवलेला असेल, तर निवडानिवड तो विकला जाईपर्यंत लांबवलेली बरी, कारण त्याची तूस कपड्यांत शिरते आणि अंगाला खाज सुटते.

काढून टाकलेल्या कपड्यांना पूर्वी ठरलेल्या वाटा होत्या. मऊ झालेल्या सुती लुगड्याची वाकळ शिवली जाई, बाळाची दुपटी होत, उरलेल्या चिंध्या पुसायला लागत, आणि दारावर येणाऱ्या बाया जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे देऊन जात. संत गाडगेबाबांच्या दशसूत्रीतील ‘उघड्या-नागड्यांना वस्त्र’ या सूत्राला स्मरून अजूनही काही घरे चांगले कपडे धुऊन, गुंड्या लावून गरजूंना देतात. परंतु आता आहेरात येणारी साडी बहुतांशी कृत्रिम धाग्याची असते. ती घाम टिपत नाही, पाणी पुसत नाही आणि वाकळीत निसटते, म्हणून जुन्या वाटा तिला बंद आहेत. तिचा मोठा उपयोग आज धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दिसतो, जेथे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांना अडवण्यासाठी काठ्यांना साड्या बांधून शेताभोवती कुंपण करतात. हंगाम सरल्यावर त्या सोडून गोळा कराव्या लागतात, कारण वाऱ्याने फाटलेले त्यांचे तुकडे मातीत कुजत नाहीत आणि पुढच्या वर्षी वखराच्या पासेत, म्हणजे लोखंडी पात्यात, अडकतात.