पार्श्वभूमी : करोनाकाळात नागपूर नेमकं कोणाच्या हातात होतं?

११ मार्च २०२० ला नागपुरात पहिला करोना रुग्ण सापडला तेव्हा शहरावर तीन सत्ता होत्या. महापालिकेत भाजप, महापौर संदीप जोशी. राज्यात साडेतीन महिन्यांपूर्वी आलेली महाविकास आघाडी. तिचे पालकमंत्री काँग्रेसचे नितीन राऊत, गृहमंत्री काटोलचे अनिल देशमुख. केंद्रात पुन्हा भाजप, आणि शहराचे खासदार नितीन गडकरी तिथे मंत्री. विधानसभेतले विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस हेही दक्षिण-पश्चिम नागपूरचे. आरोप करणारे आणि उत्तर देणारे दोघेही याच शहराचे, असं राज्यात दुसरीकडे क्वचितच होतं.

पुढच्या दोन वर्षांतली भांडणं पक्षांच्या नावावर जमा झाली. पक्ष होतेच, पण त्याखाली एक जुनी अडचण होती. निर्णयावर सही एकाची चाले, पैसा दुसऱ्याकडून येई आणि लोक जाब विचारत तिसऱ्याला. ही अडचण आली कुठून, हे पाहिल्याशिवाय त्या वादांचा अर्थ लागत नाही.

सुरुवात १८९७ पासून करावी लागते. मुंबईत प्लेग पसरल्यावर इंग्रज सरकारने त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा केला. अवघी चार कलमं. सरकारला साथ रोखण्यासाठी वाटतील ते तात्पुरते नियम करता येतील, ते मोडणाऱ्याला दंडसंहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. लोकप्रतिनिधींशी सल्लामसलत, नुकसानभरपाई, रुग्णाचे हक्क यांबद्दल एक शब्द नाही. पुण्यात याच अधिकारांच्या जोरावर घराघरांत सैनिक शिरले, त्यातून २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. साथीच्या हाताळणीवरून सरकारशी संघर्ष, ही महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक असलेली गोष्ट आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात मध्य प्रांत आणि वऱ्हाड देशातल्या सर्वाधिक मृत्यूंच्या प्रदेशांत होते. त्या प्रांताची राजधानी नागपूर. पाठोपाठ १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हे खातं प्रांतांकडे, निवडून आलेल्या मंत्र्यांकडे सोपवलं. राज्यघटनेतही तीच वाटणी राहिली : सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यसूचीत, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं तेवढं समवर्ती सूचीत.

मग २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. तो भूकंप, पूर, त्सुनामी डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. त्याची साखळी दिल्लीहून सुरू होते, राज्य प्राधिकरणातून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत उतरते. २०२० मध्ये दोन्ही कायदे एकाच वेळी लागू झाले. राज्याने १३ मार्चला साथरोग कायदा लावला आणि दुसऱ्या दिवशी कोविड विनियम काढले. शहरांत अधिकार महापालिका आयुक्तांना मिळाले. २४ मार्चला केंद्राने आपत्ती कायद्याखाली देशभर टाळेबंदीचा आदेश काढला. नागपूर शहरात आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, संचारबंदीसाठी पोलीस आयुक्त, आणि मेडिकल-मेयो ही दोन मोठी रुग्णालयं राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याखाली. मिहानमधलं एम्स केंद्राचं. या सगळ्यांत महापौर कुठेच नव्हते. नगरसेवकांच्या दारात माणसं रोज येत होती आणि त्यांच्या हाती एकाही आदेशाचा अधिकार नव्हता.

तुकाराम मुंढे आणि महापालिकेतले पदाधिकारी यांच्यातला वाद इथून समजून घ्यावा लागतो. मुंढे जानेवारी २०२० मध्ये आयुक्त म्हणून आले. एप्रिलमध्ये सतरंजीपुऱ्यातल्या एका मृत्यूनंतर त्यांनी संपर्कातल्या शेकडो लोकांना घरांतून उचलून आमदार निवास, व्हीएनआयटीची वसतिगृहं अशा ठिकाणी विलगीकरणात नेलं, मोमिनपुऱ्यातही तेच. साथशास्त्राच्या दृष्टीने यामागे विचार होता. दाट वस्तीत, एका खोलीत सहा-सात माणसं राहत असताना गृहविलगीकरणाला अर्थ नसतो. पण कुणाला न्यायचं, किती दिवस ठेवायचं, जेवणाची आणि औषधांची सोय काय, हे त्या वस्तीच्या प्रतिनिधींना आधी कळत नव्हतं. निर्णय योग्य असूनही तो अंगावर आल्यासारखा वाटला.

मग पैशाचा प्रश्न आला. महापालिका कायद्यात खर्चाला मंजुरी स्थायी समिती आणि सभागृह देतं, अंमलबजावणी आयुक्त करतो, आणि आणीबाणीत आयुक्ताला आधी खर्च करून मागून मंजुरी घेता येते. साथ महिनोन्महिने चालली की ही अपवादाची वाटच राजमार्ग होते. कळमेश्वर रस्त्यावर राधास्वामी सत्संगाच्या जागेत सौम्य रुग्णांसाठी पाच हजार खाटांचं केंद्र उभं करण्यावरून वाद झाला तो याच मुद्द्यावर. इंदिरा गांधी रुग्णालय, आयसोलेशन, पाचपावली ही मनपाची रुग्णालयं सुधारली गेली, पण खाट म्हणजे उपचार नव्हे. ऑक्सिजनच्या खाटेला चोवीस तास परिचारिका लागते, अतिदक्षता खाटेला भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन लागतो. पदं मंजूर करणं राज्याच्या हाती, भरती मनपाच्या हाती, आणि डॉक्टर खासगीत. आयुक्त खाटांचा आकडा सांगत होते, नगरसेवक दाखल रुग्णांचा. दोन्ही आकडे खरे होते.

जून २०२० मध्ये सुरेश भट सभागृहातल्या आमसभेतून आयुक्त उठून गेले. त्याच सुमारास महापौरांनी स्मार्ट सिटी कंपनीच्या कारभारावरून सदर पोलिसांत तक्रार दिली. २६ ऑगस्टला मुंढेंची बदली झाली आणि राधाकृष्णन बी. आले. बदलीने चेहरा बदलला, रचना तीच राहिली. सप्टेंबरात रुग्ण वाढले तेव्हा महापौरांनी शनिवार-रविवारच्या जनता कर्फ्यूची हाक दिली. ती केवळ हाकच होती. दुकान उघडं ठेवणाऱ्यावर कारवाईचा अधिकार महापौरांना नव्हता.

व्यापाऱ्यांचा राग वेगळ्या कारणाने होता. रस्त्याची एक बाजू सम तारखेला, दुसरी विषम तारखेला उघडी, हा नियम राज्याच्या ‘मिशन बिगिन अगेन’ या टाळेबंदी शिथिल करण्याच्या आदेशातला. इतवारी किंवा सीताबर्डीसारख्या बाजारात त्याचा परिणाम असा की दुकान आठवड्यात तीन-चार दिवसच उघडतं, भाडं आणि नोकरांचा पगार पूर्ण महिन्याचा, आणि गिऱ्हाईक तेवढंच असल्याने उघड्या बाजूवर गर्दी जास्त. नियम मुंबईत ठरला, दंडाची पावती मनपाच्या पथकाने फाडली, आणि शिव्या नगरसेवकाने खाल्ल्या.

वीजबिलांचा वाद याच उन्हाळ्यात पेटला, आणि ऊर्जामंत्री नागपूरचेच राऊत असल्याने इथे तो जास्त झोंबला. महावितरणने २३ मार्चपासून मीटर वाचन थांबवलं. बिलं डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सरासरीवर आली, म्हणजे हिवाळ्याच्या वापरावर. नागपुरात एप्रिल-मेमध्ये कूलर रात्रंदिवस चालतो, त्यात सगळं घर घरातच. जूनमध्ये वाचन सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांचा खरा वापर एकदम बिलावर आला, आणि त्यात १ एप्रिलपासूनचे नवे दर. स्लॅबचा फायदा महिन्यांप्रमाणे विभागून दिलेला होता, पण बिलावरची आकडेमोड सामान्य ग्राहकाला उलगडत नव्हती. त्याला दिसली फक्त खालची रक्कम. सवलतीचा विचार आहे असं मंत्री सांगत राहिले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सवलत मिळणार नसल्याचं स्पष्ट केलं. भाजपने बिलांच्या होळ्या केल्या. आशा दाखवून मागे घेतल्याने नुकसान बिलापेक्षा विश्वासाचं जास्त झालं.

खासगी रुग्णालयांचा प्रश्न न्यायालयात गेला. राज्याने २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगीतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले : साधा विलगीकरण कक्ष दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पण पीपीई किट, सीटी स्कॅन, टोसिलिझुमॅबसारखी महाग औषधं या दरांबाहेर होती. बिलं फुगली ती तिथेच. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांशी नातेवाइकांचे खटके उडाले ते बहुतेक या वरच्या रकमांवरून, आणि मनपाचे लेखापरीक्षक नेमावे लागले. रुग्णालयांचं म्हणणं होतं की करोना नसलेल्या रुग्णांचे दर ठरवायचा सरकारला अधिकार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते मान्य केलं.

दुसरी लाट विदर्भात आधी दिसली. ११ मार्च २०२१ ला पालकमंत्र्यांनी १५ ते २१ मार्चची कडक टाळेबंदी जाहीर केली. एप्रिलमध्ये जिल्ह्यात रोज सात हजारांवर नवे रुग्ण आणि काही दिवशी शंभरावर मृत्यू नोंदले गेले.

या दिवसांतलं जिल्हा प्रशासनाचं रोजचं पत्रक नीट वाचण्यासारखं आहे. मृत्यूंच्या आकड्याखाली तीन रकाने असत : शहर, ग्रामीण, जिल्ह्याबाहेरील. हा तिसरा रकाना नागपूरच्या तक्रारीचं मूळ आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटमधून अत्यवस्थ रुग्ण इथे येतात. करोनाआधीही मेडिकलच्या वॉर्डांत हेच चित्र असे. वाटपाचा हिशेब मात्र जिल्हावार.

ऑक्सिजनचं गणित पाहा. एका जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटरवर असलेल्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. हाय फ्लो यंत्रावर मिनिटाला ५० लिटर लागले तर सव्वादोन तास. एक टन द्रव ऑक्सिजन म्हणजे साधारण शंभर सिलिंडर. रुग्ण गंभीर होऊन वरच्या यंत्रावर गेला की खाटांची संख्या तीच राहून मागणी पाचपट होते, आणि खाटांवर आधारलेला कोटा कोलमडतो. नागपूर मुख्यतः भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे पाहत होतं. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून आलेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिकला गेले. तीनच का, यावरही राजकारण झालं.

करोनाच्या गंभीर रुग्णांना दिल्या जाणाऱ्या रेमडेसिविर इंजेक्शनचा गोंधळ याहून मोठा. पाच दिवसांच्या उपचाराला सहा कुप्या लागतात : पहिल्या दिवशी दोन, मग रोज एक. १९ एप्रिलला नागपूर खंडपीठाने राज्याला शहरासाठी १०,००० कुप्या त्याच दिवशी द्यायला सांगितलं. म्हणजे साडेसोळाशे रुग्णांची सोय. केंद्राने एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी महाराष्ट्राला २,६९,२०० कुप्या ठरवल्या, ओरड झाल्यावर ४,३५,००० केल्या. राज्य म्हणे केंद्र कमी देतं, भाजप म्हणे राज्य विदर्भाला कमी देतं. गडकरींनी वर्ध्यातल्या कारखान्यात उत्पादन सुरू व्हावं म्हणून पाठपुरावा केला, मेमध्ये तिथून माल निघाला. हे सगळं चालू असताना जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच या औषधाची शिफारस नको म्हटलं होतं. रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला शहरभर पळवणं थांबवायचं बळ कोणत्याच नेत्याने दाखवलं नाही. याचं दुःख अजून ओसरलेलं नाही.

लसीचंही तसंच. १ मे २०२१ पासून निम्म्या लसी केंद्राच्या, उरलेल्या राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी विकत घ्यायच्या, असं धोरण आलं. कोविशिल्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० ला. २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के खरेदी स्वतःकडे घेतली. मधल्या सात आठवड्यांत १८ ते ४४ वयाचे तरुण शहरात केंद्र मिळेना म्हणून गावाकडच्या केंद्रांवर गेले, आणि गावकऱ्यांशी वाद झाले.

३ जूनला मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पाच टप्प्यांत निर्बंध उठल्याचं जाहीर केलं. काही तासांत सरकारने तो विचाराधीन प्रस्ताव असल्याचं सांगितलं. आदेश ४ जूनला निघाला : चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या भरलेल्या खाटा २५ टक्क्यांच्या आत असतील तर पहिला टप्पा. महिनाअखेरीस विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराच्या धास्तीने सगळेच किमान तिसऱ्या टप्प्यात गेले आणि दुकानं पुन्हा चारला बंद. रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असताना नागपूरच्या व्यापाऱ्याला हे पटणं शक्य नव्हतं.

या सगळ्याला विदर्भाच्या जुन्या गाऱ्हाण्याची धार आली. १९५३ च्या नागपूर करारानुसार वर्षातलं एक अधिवेशन इथे व्हायचं. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं करोनाचं कारण देऊन मुंबईत झाली. अधिवेशन परत आलं ते डिसेंबर २०२२ मध्ये. विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि आघाडी सरकारने ती वाढवली नाही. रेमडेसिविर आणि ऑक्सिजनच्या वाटपाचा प्रश्न सभागृहात, इथल्या रुग्णालयांपासून चार-पाच किलोमीटरवर विचारला गेला असता. तसं झालं नाही.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, म्हणजे जाब विचारणारं सभागृहही गेलं. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा ठरवून केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्थांचे अधिकार स्पष्ट सांगणारा साथ आराखडा सुचवला. नागपूरच्या बाजूने त्यात एक गोष्ट घालून घ्यायला हवी : औषध आणि ऑक्सिजनचा कोटा जिल्ह्याच्या लोकसंख्येवर किंवा खाटांवर न ठरता दाखल रुग्णांवर ठरावा, आणि पत्रकातला तो तिसरा रकाना वाटपाच्या तक्त्यातही असावा.