जुळ्यांच्या गरोदरपणात स्वॅब द्यायला येताना

आमच्या लॅबमध्ये योनीमार्गाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) द्यायचा म्हणून बऱ्याच ताई घरून आतून धुऊन, इंटिमेट वॉश वापरून येतात. संकोच आम्हाला कळतो. पण जे तपासायचं तेच त्यात वाहून जातं आणि तुम्हाला पुन्हा खेप पडते. जुळ्यांचं पोट सांभाळत दुसऱ्यांदा या म्हणणं आमच्याही जिवावर येतं.

योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच (आम्लतेचं माप) साधारण 3.8 ते 4.5 राहतो आणि इतर जंतूंना वाव मिळत नाही. लॅक्टोबॅसिलस कमी होऊन गार्डनेरेलासारखे जिवाणू बळावले की बॅक्टेरियल व्हजायनोसिस होतो. मग पातळ, करडट पांढरं जातं, माशांसारखा वास येतो. आम्ही स्लाइडला ग्रॅम स्टेन (जिवाणू ओळखू यावेत म्हणून लावायचा रंग) देऊन हे जिवाणू बघतो आणि त्यावरून न्यूजेंट स्कोअर, म्हणजे गुण, देतो. 0 ते 3 ठीक, 7 ते 10 म्हणजे व्हजायनोसिस. आतून धुतलेलं असेल तर त्या स्कोअरवर आमचाच भरवसा बसत नाही, म्हणून आम्ही सॅम्पल घेत नाही. कृपया राग मानू नका.

आदले दोन दिवस आतून धुणं आणि संबंध टाळा. बाहेरून साधं पाणी पुरे. आत ठेवायची गोळी किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर मनाने बंद करू नका, आम्हाला फोन करा. आतून सोनोग्राफी त्याच दिवशी असेल तर आधी स्वॅब द्या, कारण जेल आड येते.

रिपोर्ट बिघडला म्हणजे बाळंतपण लवकर होणारच, असं नाही. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळं तशीही 37 आठवड्यांआधी येतात, आणि त्यात गर्भाशयावरच्या ताणाचा वाटा मोठा असतो. व्हजायनोसिस असलेल्यांत लवकर प्रसूती जास्त दिसते हे खरं. तरी फ्रान्समधल्या प्रीमेव्हा अभ्यासात (2018) कमी जोखमीच्या गरोदर स्त्रियांना क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक देऊनही फार लवकर होणाऱ्या प्रसूती घटल्या नाहीत. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही ही तपासणी करत नाही, आणि योनीमार्गातल्या सगळ्या जिवाणूंच्या तपासणीचं महागडं 'मायक्रोबायोम पॅकेज'ही ठेवलेलं नाही. तो पैसा डॉक्टरांनी सांगितलेल्या, गर्भाशयमुखाची लांबी मोजणाऱ्या सोनोग्राफीसाठी ठेवा.

स्वॅब आमच्याकडे महिला टेक्निशियनच घेतात, आडोशाच्या खोलीत. वेळ फोनवर ठरवून आलात तर ताटकळावं लागत नाही.

पाणी जात असेल, रक्त दिसलं किंवा थांबून थांबून कळा येत असतील, तर आमच्याकडे न येता सरळ हॉस्पिटल गाठा.