हालचालीतून अंकओळख (ख्रिस्ती बालशिक्षण)

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना चालणे, उड्या, टाळ्या आणि फेर यांतून मोजायला शिकवण्याची, व त्यासाठी बायबलमधील कथांचा आधार घेण्याची पद्धत. ठाणे-नवी मुंबईत शब्बाथ शाळा (चर्चमधले मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग), कॅथलिक धर्मग्रामांतील (पॅरिशमधील) धर्मशिक्षणाचे वर्ग आणि चर्चला जोडलेल्या बालवाड्या ही तिची स्वाभाविक ठिकाणे होत.

एक ते दहा घडाघडा म्हणता येणे म्हणजे मोजता येणे नव्हे. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल यांनी 1978 मध्ये मांडलेल्या तत्त्वांनुसार मुलाला निदान तीन गोष्टी उमजाव्या लागतात: एका वस्तूला एकच अंक, अंकांचा ठरलेला क्रम, आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे एकूण संख्या. यांतली पहिली गोष्ट पायांना लवकर कळते. एक पाऊल, एक अंक. पाऊल गाळले तर चूक मुलाच्या स्वतःच्याच लक्षात येते.

ही वाट जुनी आहे. पाद्र्याच्या घरात जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या बालशाळेत हालचालींच्या खेळांना मानाचे स्थान होते. 1939 मध्ये भारतात आलेल्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत जमिनीवरच्या रेषेवरून चालण्याचा पाठ आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला (तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर) परिसरातल्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. ते काम धार्मिक नव्हते, पण या भागातल्या कोणत्याही धर्माच्या बालशिक्षिकेला तो वारसा आपला म्हणता येतो.

कथा निवडताना आकडा लहान हवा आणि तो कृतीतून यायला हवा. यरीहो या तटबंदीच्या शहराची कथा यासाठी फार उपयोगी आहे: शहराभोवती सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, मग जयघोष होताच तट कोसळतो. चार वर्षांच्या मुलांकडून फक्त सातवा दिवस करून घ्यावा. तेरा फेऱ्यांचा हिशेब त्यांना झेपत नाही. मधोमध ठोकळ्यांची भिंत रचावी, प्रत्येक फेरीला सगळ्यांनी मिळून अंक म्हणावा, सातव्या फेरीनंतर जयघोष करावा आणि भिंत पाडावी. शंभरांतले एक हरवलेले मेंढरू शोधण्याची कथा गोड असली तरी मोजण्यासाठी अवजड. त्याऐवजी लूकच्या शुभवर्तमानातल्या त्याच 15 व्या अध्यायातली, दहांपैकी एक नाणे हरवल्याची गोष्ट घ्यावी: दहा मुले फेर धरतात, एक लपते, उरलेली मोजतात, नऊच भरतात. कोण नाही, याचा शोध सुरू होतो तेव्हा गणित आणि कथेचा गाभा एकाच क्षणी मुलाला भेटतात. येशूने जमावाला जेवू घातल्याच्या कथेतल्या पाच भाकरी व दोन मासे हातावर मोजता येतात. नंतर उरलेल्या बारा टोपल्यांसाठी पावलांची रांग लावावी.

ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चसारख्या जुन्या धर्मग्रामांत ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती) कुटुंबांची घरची बोली मराठीचीच, तर मुले बहुधा इंग्रजी माध्यमात. त्यामुळे एका खेळात एकच भाषा ठेवणे बरे. एक, दोन, तीन एका दमात निघतात. सहा, नऊ, दहा म्हणताना मात्र लहान मूल सहज दोन पावले टाकते. अशा वेळी टोकू नये, शिक्षिकेने शेजारी चालत अंक सावकाश म्हणावा. जागा अपुरी असेल तर खडूने आखलेली ठिकरीची घरे पुरतात. लंगडी मात्र पाच वर्षांनंतरच, कारण तोल सांभाळताना मोजणे सुटते.