डब्यातल्या कोशर घोर्मे सब्जीमागचा इतिहास

लॉस एंजेलिसच्या पिको-रॉबर्टसन भागातल्या इराणी ज्यूंच्या दुकानांत चिरून तळलेल्या पाल्याचे डबे मिळतात आणि त्यांवर कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारे, अशा प्रमाणपत्राचा शिक्का असतो. घोर्मे सब्जी, म्हणजे मांस घातलेली इराणी पालेभाजी, करायला किती खटाटोप लागतो हे पाहिले, की या डब्यांना आळशीपणा म्हणवत नाही. पार्सली, कोथिंबीर, पातीचा कांदा, थोडी मेथी अशा जुड्याच्या जुड्या निवडायच्या, धुवायच्या, बारीक चिरायच्या, काळपट होईपर्यंत तेलात परतायच्या. मग मांस, राजमा आणि वाळवलेली लिंबे घालून तासन् तास रटरटत ठेवायचे.

कोशर घरात त्यात आणखी एक काम वाढते. कीटक खाणे निषिद्ध असल्याने पान न् पान मावा आहे का म्हणून तपासावे लागते. शिक्क्याचा डबा घेतला की चिरणे वाचते, आणि ही तपासणीही. यातल्या बऱ्याच डब्यांत मांस नसते, नुसता पाला असतो. मांस आपल्या विश्वासाच्या खाटकाकडूनच आणायचे, ही प्रथा त्यामुळे मोडत नाही.

इराणात ज्यू अडीच हजार वर्षांहून जास्त काळ राहत आले. 1979 च्या क्रांतीआधी ते सुमारे 80,000 होते. नंतर बहुतेकांनी देश सोडला आणि अमेरिका, इस्राएल गाठले. पाला निवडायला एकत्र बसणाऱ्या आया, मावश्या, शेजारणी पांगल्या. त्यात 1987 मध्ये अमेरिकेने इराणी मालाची आयात बंद केली. 2000 मध्ये गालिचे, पिस्ते, सुका मेवा यांना सूट मिळाली, ती 2010 मध्ये गेली. मग इराणी चवीचा माल इराणबाहेरच तयार होऊ लागला, तर नवल नाही.

इराणातल्याच मशहद शहरातल्या ज्यूंची गोष्ट वेगळी. 1839 मध्ये त्यांना बळजबरीने मुसलमान केले गेले. पुढच्या पिढ्या बाहेर मुस्लिम म्हणून वावरल्या आणि घरात चोरून कोशर पाळत राहिल्या. बाजारातले मांस लोकांदेखत विकत घ्यायचे आणि खायचे मात्र नाही, असे चालायचे म्हणतात. त्यांचे अनेक वंशज आज न्यूयॉर्कजवळ ग्रेट नेकला आहेत. डब्यावर उघड छापलेल्या त्या शिक्क्याचे मोल त्यांना वेगळे सांगावे लागत नसेल.

मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, हा नियम इराणी स्वयंपाकाला तसा जाचकच. दह्यात मुरवलेला कबाब बाद, कबाबाबरोबरचे दूघ म्हणजे ताकही बाद. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे तिथल्या ज्यूंनी, हीच अडचण नारळाच्या दुधाने सोडवली. इराणी ज्यूंची शुक्रवारची गोंडी, म्हणजे कोंबडीचा खिमा, डाळ्याचे पीठ आणि वेलची यांचे गोळे, दुधाविनाच होते.

वल्हांडणाला, म्हणजे ज्यूंच्या आठवडाभराच्या सणाला, मात्र शिक्काही नीट वाचावा लागतो. त्या आठवड्यात युरोपीय वंशाचे ज्यू भात आणि कडधान्ये टाळतात. इराणी ज्यूंत तांदूळ पुन्हा पुन्हा निवडून खाण्याची रीत आहे. म्हणून कडधान्ये चालणाऱ्यांसाठी वेगळी खूणही पाकिटावर छापतात.