पाच जागा, बावीस सिस्टर

‘खाटा तीस, सहा रुग्णांमागे एक सिस्टर, म्हणजे पाच जणी बास.’ परिचारिकांच्या रिक्त पदांची बातमी आली की हा भागाकार कुणीतरी करतंच. जरा जाणकार असेल तर तीन पाळ्यांचे पंधरा सांगतो. दोघांनीही खाटा मोजल्या, सुट्ट्या मोजल्याच नाहीत.

एक जागा वर्षभर अहोरात्र भरलेली हवी तर ३६५ गुणिले ३, म्हणजे १,०९५ पाळ्या. एका सिस्टरच्या वर्षातून साप्ताहिक सुट्ट्या ५२, अर्जित रजा ३०, किरकोळ रजा ८ वजा करा. नाईट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुट्टी), सण, आजारपण, प्रशिक्षण यांचे आणखी २५ धरू. उरले २५० दिवस. १,०९५ भागिले २५० म्हणजे ४.३८. पाच जागांना २२ जणी, इनचार्ज सिस्टर वेगळी. एक जण सहा महिन्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर गेली की रोस्टरमधून १२५ पाळ्या गळतात.

शिवाय रुग्णसंख्या बहुधा रात्री बाराला मोजतात. तेव्हा २८ दिसतात. दिवसभरात ६ घरी गेले नि ६ नवे आले, हे त्यात कुठेच नसतं. नव्या रुग्णाचं टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास, रक्तदाब), सलाईन, रक्ताचे नमुने, केसपेपर. जाणाऱ्याला गोळ्या समजावणं. सरकारी वॉर्डात जमिनीवर टाकलेल्या गाद्या तर मंजूर खाटांत धरतच नाहीत.

खरी मेख इथून पुढे. तातडीचे रुग्ण एकमेकांना विचारून येत नाहीत. अशा स्वतंत्र घटनांना प्वासाँ वितरण हे संख्याशास्त्रातलं गणित लागू पडतं: प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, सरासरीच्या वर्गमुळाइतकं असतं. रोज सरासरी ६ येत असतील तर ९ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, आठवड्यातून साधारण एकदा. ‘वॉर्ड शांत आहे असं बोलू नये, गर्दी लोटते’ हा समज त्यातलाच. तोंड मिटून बसलात तरी तो दिवस येणारच. सरासरीवर ड्युट्या लावल्या तर दहातल्या चार दिवशी माणसं कमी पडतात. आता चार वॉर्ड एकत्र धरा: सरासरी २४, विचलन ४.९. एका वॉर्डात चढउतार ४१ टक्के होता, तो २० वर आला. म्हणून राखीव सिस्टर वॉर्डागणिक वाटण्यापेक्षा एकत्र ठेवलेल्या कमी लागतात. अट एकच, त्यांना सगळ्या वॉर्डांची सवय हवी. इमर्जन्सी ट्रॉली कुठे आहे हे विचारत फिरणारी राखीव सिस्टर कागदावरच एक भरते.

कॅलिफोर्नियात मेडिकल-सर्जिकल वॉर्डाला पाचास एक हे प्रमाण कायद्याने क्षणोक्षणी पाळावं लागतं. एक सिस्टर जेवायला गेली तरी तिचे पाच रुग्ण शेजारणीच्या पाचांत मिळवता येत नाहीत, बदली द्यावी लागते.