अष्टाचंगा, आजी आणि मेंदू

मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दुपारी शेतात कोणी थांबत नाही. मग छपरीत खडूनं पाच बाय पाच घरांचा पट आखला जातो, चिंचोके फोडून चार सारख्या डाळ्या निवडल्या जातात, आणि आजी, सून, नातवंडं अष्टाचंगा मांडतात. तीन पिढ्या एका पटाभोवती कशा रमतात, हे समजून घ्यायला आधी थोडं गणित पाहू.

चार चिंचोक्यांचं दान १६ प्रकारे पडू शकतं. चारही पांढरे वर आले तर चंगा, म्हणजे चार. चारही पालथे पडले तर अष्टा, म्हणजे आठ. जादा डाव देणारी ही दोन दानं मिळून १६ पैकी २, म्हणजे सरासरी आठ फेकींत एकदा. सगळ्यात जास्त पडतं ते दोनाचं दान (दोन पांढरे, दोन पालथे): १६ पैकी ६ वेळा. सत्तरीतली आजी असो की सहा वर्षांचं लेकरू, दान दोघांनाही सारखंच. आजीचा अनुभव कामी येतो तो नंतर: कोणती सोंगटी फुलीच्या घरात (जिथे ती मारता येत नाही) बसवायची, कोणाची मारायची. बुद्धिबळात लेकरानं जिंकावं म्हणून मोठ्यांना मुद्दाम हरावं लागतं. इथे ते करावं लागत नाही, आणि मला हेच या खेळाचं मोठेपण वाटतं.

निकाल ठरलेला नसतो तेव्हा मेंदूत काय होतं? २००३ साली फियोरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावर चित्र दिसे आणि त्यानंतर काही वेळा फळांचा रस मिळे. रस नक्की मिळणार किंवा नक्कीच मिळणार नाही, हे चित्रावरून कळलं की वाट पाहतानाच्या काळात डोपामाइन (बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) स्रवणाऱ्या पेशी शांत राहत. पण शक्यता निम्मी-निम्मी असली की त्यांची हालचाल रस येण्याच्या क्षणापर्यंत वाढत जाई. माकडांवरून माणसांबद्दल सरसकट बोलू नये. तरीही चिंचोके हवेत असताना सगळे श्वास का रोखून धरतात, याचा एक धागा इथे सापडतो.

हरण्याची गोष्ट वेगळी. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली पैशांच्या पैजांवरून अंदाज काढला होता की गमावल्याचं दुःख तेवढंच कमावल्याच्या आनंदापेक्षा सुमारे सव्वादोन पट जड जातं. त्यात रागाला लगाम घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पिकत असतो. सोंगटी मेली म्हणून पट उधळणाऱ्या पोराला ‘रड्या’ म्हणून चिडवू नका. आजीची आणि त्याची जोडी लावा; हार वाटून घेता येते, आणि आजी हरल्यावर कशी वागते हेही त्याला जवळून दिसतं.

चिंचोक्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर असते, त्यामुळे वरचं गणित घरच्या चिंचोक्यांना तंतोतंत लागू पडेलच असं नाही. १६० वेळा फेकून पोरांना भिंतीवर रेघा मारायला सांगा. चंगा आणि अष्टा मिळून २० च्या जवळपास आले, तर तुमचे चिंचोके बरेचसे समतोल आहेत. चंगा किंवा अष्टा यांपैकी एकाचीच रांग फार लांबली, तर ते एका अंगावर झुकतात.